चिनी लोंगला आपण 'ड्रॅगन' म्हणणं थांबवायला हवं

रानवेल :
चीन सीमेवरची बातमी आली की मराठी वर्तमानपत्रांत 'ड्रॅगनचा विळखा' नाहीतर 'ड्रॅगनची वळवळ' ठरलेली. माझी तक्रार या शब्दाशीच आहे. चिनी माणूस ज्याला लोंग म्हणतो, तो युरोपी कथांतल्या ड्रॅगनसारखा आग ओकत नाही आणि कुणी संत जॉर्ज त्याला भाल्याने मारत नाही. तो पाण्याचा धनी. ढग जमवतो, पाऊस पाडतो. दुष्काळात गावंच्या गावं त्याच्या देवळात जाऊन साकडं घालत.

मी सहा वर्षं हाँगकाँगला राहिले. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पंचमीला तिथे होड्यांच्या शर्यती असतात. त्याआधी होडीच्या पुढच्या टोकावर लोंगचं लाकडी डोकं बसवतात आणि त्याच्या डोळ्यांत ब्रशने लाल ठिपका ठेवतात. तोवर ते नुसतं लाकूड. मला आपल्या मूर्तींचं नेत्रोन्मीलन आठवलं. ज्याचे डोळे इतक्या मायेने उघडतात, त्याला राक्षसाचं नाव कसं द्यायचं?

काळापत्थर :
पटलं नाही. तुम्ही गावातला लोंग सांगितलात, दरबारातला गाळलात. चीनच्या युआन राजवटीत (तेरावं-चौदावं शतक) पाच नख्यांचा, दोन शिंगांचा ड्रॅगन सामान्यांना वापरायची बंदी होती. शेवटच्या, छिंग राजवटीने 1889 मध्ये पिवळ्या झेंड्यावर निळा ड्रॅगन चढवला. हे सत्तेचं चिन्ह आहे, आणि वर्तमानपत्रं बोलतात ती सत्तेबद्दलच. शिवाय खुद्द चीनमध्येच 2006 साली शांघायच्या एका प्राध्यापकांनी ड्रॅगनला राष्ट्राचं प्रतीक मानण्याबद्दल शंका काढली होती.

रानवेल :
त्यांची काळजी काय होती तेही सांगा ना! पाश्चात्त्यांना 'ड्रॅगन' म्हटलं की आक्रमक, दांडगा प्राणी दिसतो, ही. म्हणजे दोष भाषांतराचा. त्यावर चीनमध्ये केवढा गदारोळ झाला!

आणि दरबाराने लोंग निर्माण केला नाही, उचलला. हनान प्रांतात पूयांगला 1987 मध्ये एक थडगं सापडलं. सांगाड्याच्या एका बाजूला शिंपल्यांनी मांडलेला लोंग, दुसऱ्या बाजूला वाघ. सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. चीनचा पहिला सम्राट इसवी सनपूर्व 221 चा! पुढेही, सम्राटाच्या झग्याच्या काठाला लाटाच विणत. सिंहासनावर बसूनही लोंग पाण्यातून वर आलेलाच राहिला.

शेवंती :
मग 'नाग' का नको? बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा भाषांतरकारांनी नागाला लोंगच म्हटलं. नागराजाचा लोंगवांग झाला, बौद्ध आचार्य नागार्जुनाचा लोंगशू. अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज राणीसह बसलाय. तोही पाण्याचा रखवालदार. आपल्याकडे शब्द तयार आहे.

काळापत्थर :
शेवंतीताई, इथे मात्र मी रानवेल यांच्या बाजूने. नाग म्हटलं की मराठी वाचकाला फणा दिसणार, वारूळ दिसणार. लोंगला चार पाय, हरणासारखी शिंगं, माशाचे खवले. आणि पूयांगचं थडगं बौद्ध धर्म चीनला पोचण्याच्या कितीतरी आधीचं. नागाने लोंगला नवी कामं दिली असतील, जन्म नाही दिला.

पण 'लोंग' शब्दाला माझा विरोध कायम आहे. वाचक अडखळेल, दर वेळी कंसात समजावत बसावं लागेल. 'चिनी ड्रॅगन' म्हटलं की सगळ्यांना कळतं.

रानवेल :
कळतं तेच चुकीचं कळतं, दादा. 'सुशी' आणि 'त्सुनामी' आपण अडखळत अडखळतच शिकलो ना? 2024 मध्ये त्यांचं ड्रॅगन वर्ष लागलं तेव्हा इंग्रजीतसुद्धा काही ठिकाणी 'लूंग' छापत होते. मी चिनी लोककथा मराठीत आणतेय. पहिल्या पानावर एकदाच 'पाऊस आणणारा लोंग' असं लिहिते, पुढे नुसता लोंग. कच्चा मजकूर माझ्या आठ वर्षांच्या भाचीला वाचून दाखवला. तिने एकदाही अर्थ विचारला नाही. विचारलं ते एवढंच, की आपल्याकडे पाऊस लांबला तर त्याला बोलावता येईल का.