मदत हवी आहे: जॅकलिन होसे यांचे १९८०च्या दशकातले चित्रपट सबटायटल्ससह कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

परवा फिलिपिन्सच्या अभिनेत्री जॅकलिन होसे यांचा 'मा रोसा' हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. मनिलाच्या झोपडपट्टीत छोटं दुकान चालवणारी आणि त्याच्या आडून ड्रग्ज विकणारी रोसा. पोलीस नवरा-बायकोला उचलतात आणि सोडायचे पैसे मागतात. शेवटी ती रस्त्यात थांबून काडीला टोचलेले फिशबॉल खाते. समोर एक कुटुंब आपली टपरी आवरतंय. चावता चावता तिचे डोळे भरतात, बाकी काहीच नाही. या भूमिकेसाठी २०१६ साली कान महोत्सवात होसेबाईंना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. फिलिपिन्सच्या अभिनेत्रीला तो पहिल्यांदाच मिळाला होता.

आमच्या फिल्म ग्रुपमध्ये त्यांच्यावर बोलायचं ठरवलं, तर एक मित्र म्हणाला, "त्या तर बोल्ड सिनेमावाल्या." मला ते फार लागलं. सुरुवात तिथलीच, हे खरं. फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत मनिला फिल्म सेंटरमध्ये सेन्सॉरची कात्री न लागलेले चित्रपट दाखवले जात आणि अशा सिनेमांची लाट आली होती. पण 'प्रायव्हेट शो'मध्ये त्या लोकांसमोर संभोगाचे खेळ करून पोट भरणारी बाई झाल्या, दिग्दर्शक लिनो ब्रोका यांच्या 'व्हाइट स्लेव्हरी'त आणि 'माचो डान्सर'मध्येही (१९८८) होत्या. विषय देहविक्रीचा असला तरी ब्रोकांची नजर गरिबीवरच असते. पुढे २००८च्या 'सर्बिस'मध्ये अश्लील चित्रपट लावणारं पडकं थिएटर सांभाळणारी नायदा त्यांनीच केली. 'मा रोसा'त नवरा झालेला नट हुलियो दियास १९८६च्या 'ताकाव तुक्सो'तही त्यांच्याबरोबर होता, हे कळल्यापासून तो चित्रपट बघायची ओढ लागली आहे. रोसाचा तो आवरलेला चेहरा त्या काळातच घडला असावा असं मला वाटतं, पण न बघता बोलणं बरं नाही.

'माचो डान्सर'ची मिळालेली कॉपी इतकी धुरकट आहे की रात्रीच्या प्रसंगांत चेहराच दिसत नाही, आणि सबटायटल्स मध्येच गायब होतात.

तर विचारायचं हे की 'प्रायव्हेट शो' आणि 'ताकाव तुक्सो' रीतसर, इंग्रजी सबटायटल्ससह कुठे बघता येतील? एबीएस-सीबीएन या तिथल्या माध्यम कंपनीने जुने चित्रपट दुरुस्त केले, त्यांत यांपैकी काही आहे का? आणि त्या काळच्या सेटवर नट्यांना कसं वागवलं जायचं, याबद्दल होसेबाईंनी स्वतः कुठे सांगितलंय का? मार्च २०२४मध्ये त्या गेल्या, त्यामुळे जुनी मुलाखतच शोधावी लागेल. टागालोग या तिथल्या भाषेत असली तरी चालेल. मनिलात राहणारं किंवा ती भाषा येणारं कुणी इथे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे.