अनुभव लिहा: तेव्हा तुमच्या बाजूने कोण उभं राहिलं?

घाटकोपरची सई
लेक काल पहिल्यांदा एकटी लोकलने कॉलेजला गेली. तिला "ब्रिजवर बॅग पुढे धर" सांगताना माझाच हात छातीशी गेला. १९९४, मी सतरा वर्षांची, दादरचा जिना, पाऊस, गाड्या लेट. पुढचं लिहीत नाही, बायकांना माहितीये. मी ओरडलेबिरडले नाही, पायरीवर मटकन बसले आणि लोक मला ओलांडून जात होते. एका कोळीण मावशीने पाटी खाली ठेवली, माझ्यापुढे आडवी उभी राहिली, "आंधले झाले काय रं, पोर बसलीय दिसत नाय?" मला काहीएक विचारलं नाही. कोण होता, एकटी का आलीस, काही नाही. पदराने तोंड पुसलं, त्याला बोंबलाचा वास, आणि मला लेडीज डब्यात चढवूनच गेली. घरी आई म्हणाली उद्यापासून ओढणी नीट घे. आईवर राग नाही, तिला तेवढंच ठाऊक होतं. पण मला आठवतो तो बोंबलाचा वास. तुम्हाला भेटली का अशी कोणी?

सुमा डोंबिवली
कुठला जिना गं, फुलमार्केटकडचा? मी अजून तिथून कोपर काढूनच चालते, सवयीने. नवऱ्यालाच लागलं एकदा 😄

सिस्टर परळ
म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आहे, ड्युटीवरून तुकड्यातुकड्यात लिहिते. बलात्काराच्या केसमध्ये पोरी आधी आंघोळ करतात, कपडे धुऊन टाकतात, साहजिकच आहे. जमलं तर करू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. आणि केली असेल आंघोळ तरी याच, एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. आधी पोलिसांचा कागद आणा असं कुठलंच हॉस्पिटल म्हणू शकत नाही, खाजगीसुद्धा, उपचार फुकट द्यायलाच लागतात. आणि ती टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणं, सुप्रीम कोर्टाने २०२२ ला परत खडसावलंय की करायची नाही. बेल वाजली

बी विंग
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना. कॅरम क्लबमधला दादा, मी नऊ वर्षांचा. बाबांना अर्धवट सांगितलं तर "मुलग्याला काय होतंय" म्हणून हसले. मग गप्पच. लग्नानंतर अकरा वर्षांनी बायकोला सांगितलं, ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला आणि तशीच ओल्या हातांनी शेजारी येऊन बसली. बस्स एवढंच. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे हे मला पोराच्या शाळेच्या मिटिंगला कळलं. कॅरम अजून खेळत नाही.

सुमा डोंबिवली
चाललं म्हणजे काय दादा, लिहा. नळ बंद केला तिथेच थांबले मी.

जुनी बँकवाली
१९८० मध्ये मी बँकेत नवीन, मथुराच्या निकालावरून मोर्चे निघत होते. आदिवासी पोर, तिकडे गडचिरोलीकडची, चौकीत पोलिसांनीच अत्याचार केला आणि सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं, का तर अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत! मोर्चात माझी चप्पल तुटली, अनवाणी चालले. १९८३ ला कायदा बदलला, पीडितेचं नाव छापणं गुन्हा झालं तेही तेव्हाच. आजकाल व्हॉट्सॅपवर फोटोसकट फिरवतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी भांडले त्यावरून. सेक्रेटरी बोलत नाही आता, पाणीही वेळेवर सोडत नाही मेला.

पाऊसवेडी
ताई 😂 पाण्याचं खरंय
माझ्या मैत्रिणीला ट्रेनमध्ये झालं तर हद्द कुणाची यावरच पोलिसांनी दोन तास बसवलं, हे स्टेशन की पुढचं. झिरो एफआयआर कुठेही घ्यावाच लागतो, नंतर ते आपापसात पाठवतात, हे पाठ करून ठेवा. तिथली चहावाली सोबत बसून राहिली, दुकान उघडं टाकून. बाय द वे बोंबील काय भावाने मिळतायत, इकडे लुटतात

घाटकोपरची सई
@बी विंग वाचलं. दोनदा वाचलं.
लेक मागे उभी राहून वाचत होती, मला कळलंच नाही. म्हणते, आई, मला का नाही सांगितलंस हे. पोळ्या तव्यावर आहेत, येते नंतर.