कानाझावात कोबाको खेकड्याबरोबर कोणती साके (तांदळाची जपानी दारू) घ्यावी? मदत हवी आहे

डिसेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं तोक्योहून कानाझावाला जातोय. ओमिचो बाजाराजवळच्या एका छोट्या हॉटेलात काउंटरवरच्या जागा मिळाल्यात. खरी ओढ कोबाको-गानीची, म्हणजे हिमखेकड्याच्या मादीची. इशिकावात, म्हणजे कानाझावा ज्या प्रांतात आहे तिथे, मादी फक्त ६ नोव्हेंबर ते २९ डिसेंबर एवढाच काळ पकडतात. पायांचं मांस सोलून, आतली केशरी लाख (अंडाशय) आणि पोटाखालची करकरीत अंडी असं सगळं कवचातच परत रचून देतात. त्याआधी बुरी या माशाचं साशिमी, म्हणजे कच्चे काप आहेत. थंडीतला हा मासा चांगलाच तेलकट असतो. ॲलर्जी कुणाला नाही, कच्चा मासा दोघंही खातो.

हॉटेलात फोन केला. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी साके असा त्यांचा सेट आहे, पण तो आम्हाला झेपणार नाही. दोघांत मिळून दोन गो, म्हणजे ३६० मिलि, एवढीच आमची मर्यादा. फुलांच्या वासाची गिंजो (तांदूळ जास्त घासून केलेली सुगंधी साके) नको. घरी घेऊन पाहिली, माशाची चवच मागे पडते. इशिकावाची यामाहाई (जुन्या पद्धतीने आंबवलेली साके) गरम करून तळलेल्या माशाबरोबर घेतली, तेव्हा तिचा आंबटपणा फार आवडला. खेकड्याबरोबर मात्र घेतलेली नाही.

तर बुरीला थंड जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके) आणि खेकड्याला गरम यामाहाई हा क्रम बरोबर आहे का? की यामाहाईने लाखेची चव झाकली जाईल? आणि रिकाम्या कवचात गरम साके ओतून देतात ती कोराझाके, कोबाकोच्या एवढ्याशा कवचात करून मिळते का? त्यासाठी आधी सांगून ठेवावं लागतं का?