ठासणीची बंदूक भरायला एवढा वेळ का लागायचा?

वर विचारलंय म्हणून सांगतो, आमच्या आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची होती, लहानपणी कितीदा बघितलंय. आधी नळीत मापाने दारू ओतायची, त्यावर सुंभाचा बोळा, मग गजाने ठासायचं, ठासताना तो ठक ठक आवाज अजून कानात आहे, मग छर्रे, परत बोळा, परत ठासणं आणि शेवटी नळीच्या मागच्या निपलावर केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. एवढं करून बार एकच! पावसाळ्यात दारू सर्दावली की तोही नाही. तयार भरलेल्या काडतुसाची बारा बोअर बंदूक आली आणि हे सगळं सेकंदांवर आलं. रात्रीच्या उजेडाचंही तेच, पूर्वी पाच सेलची बॅटरी दुसऱ्याने धरायची, आता डोक्याला एलईडी.

पण मला खरा राग फासकीचा, म्हणजे जनावर अडकवायला लावतात त्या फासाचा येतो. पूर्वी वाखाच्या दोराची असायची, जनावर कधीकधी कुरतडून सुटायचं तरी. आता गाडीची क्लच वायर लावतात, ती तुटतच नाही, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत रत्नागिरी-सिंधुदुर्गात बिबटे अडकून मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हाच आहे. कलमाच्या बागेत कुंपणाला अशी वायर दिसली तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ ला फोन करा.