आदिवासींनी स्वतः केलेल्या अ‍ॅनिमेशन फिल्म सुचवा

रानपाखरू:
डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. नववीतली बहुतेक मुलं वारली आहेत. आजीकडून ऐकलेल्या गोष्टीवर त्यांना मोबाइलवर छोटी फिल्म करायची आहे, पण कार्टून आपल्यासारख्यांचं नसतं असं त्यांच्या मनात बसलंय. ज्यांची गोष्ट त्यांनीच केलेली, वीसेक मिनिटांपर्यंतची उदाहरणं हवीत. इंग्रजी कमी असेल तर बरं.

कावेरी_टोरांटो:
ताई, आधी 'द माउंटन ऑफ स्गाना' (2017) लावा. क्रिस्टोफर ऑक्टर हे हैदा समाजातले, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या बेटांवरचे. दहाएक मिनिटांची फिल्म. आत्म्यांच्या जगात ओढून नेलेल्या तरुणाला एक मुलगी सोडवून आणते. हैदा लोक लाकडी खांबांवर कोरतात तीच जाड, वळणदार रेष इथे हलते. त्या किनाऱ्यावरच्या पॉटलॅच समारंभांवर (मेजवानी देऊन भेटी वाटण्याचे त्या लोकांचे सोहळे) सरकारची 1885 ते 1951 बंदी होती. मुखवटेसुद्धा जप्त केले होते. हे ठाऊक असल्यामुळे ती रेष पडद्यावर जिवंत होताना पाहून माझा गळा दाटून आला. मुलांना हा इतिहास आधी सांगाच.

हिमरेषा:
कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट समाजातल्या झकारिअस कुनुक यांची 'अंगाकुसाजाउजुक' (2021) पण घ्या. बाहुल्या हलवून केलेली, आणि बोलणं सगळं इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत. आजारी माणसाला का बरं वाटत नाही हे विचारायला आजी नातीला घेऊन जमिनीखाली उतरते. आजीकडून विद्या घेणारी नात तुमच्या मुलींना लगेच आपली वाटेल. 'लुमाजूक' (2010) सुंदर आहे, पण त्यातल्या आईचं क्रौर्य अंगावर येतं. आधी स्वतः बघून ठरवा.

गेरू:
करण्याबद्दल थोडं. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. पुठ्ठ्याचे कापा आणि कमरेत टाचणी लावा, तारप्यावर नाचायला तो तयार. सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाला 720 होतात, म्हणून गोष्ट दोन मिनिटांचीच ठेवा. आजीचा आवाज आधी रेकॉर्ड करा, तोही वारलीतच. चित्रं त्या आवाजाच्या लयीने हलवा.

एक कळकळीची विनंती. लग्नाचा चौक (भिंतीवरचं लग्नचित्र) सवाशिणी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाते, तेव्हा त्यात पालघट देवी येते. तो चौक फिल्ममध्ये घ्यायचा असेल तर पाड्यावरच्या जाणत्या बायकांना आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर नको.

रानपाखरू:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गातल्या एकीची आजी धवलेरी आहे. रविवारी मुलांना घेऊन तिच्याकडेच जाते.