चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे कोणी विचारते का?

खडूफळा, गोवंडी:
मी एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गातील एक पारधी मुलगा वाचनात बराच मागे आहे. तो घरी पारधी बोली बोलतो, त्याची पहिली दोन वर्षे शाळेबाहेरच गेली, आणि कोणाची पेन्सिल हरवली की सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्याकडे वळतात. त्याला बुद्ध्यांक चाचणीला पाठवून ‘मतिमंद’ असा दाखला घ्यावा, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांबाबत असेच घडल्याचे ऐकले. त्यातून आपल्याला काही घेता येईल का?

जुना समुपदेशक, दादर:
बाई, अगदी हेच कॅलिफोर्नियात न्यायालयापुढे आले होते. १९७०च्या डायना खटल्यात स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत चाचणी घेतल्यावर त्यांचे गुण वाढले. पुढे लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरण्यास मनाई केली. म्हणून दाखल्याआधी पारधी बोली समजणारे कोणी शोधा.

काठावरचा, बोरिवली:
मला दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. २०१५मध्ये अमेरिकी संशोधक पॉल मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले की सारखीच शैक्षणिक पातळी असलेल्या गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांची अध्ययन अक्षमता (बुद्धी सामान्य असूनही वाचन-लेखन अवघड जाणे) ओळखली जाण्याचे प्रमाण उलट कमी आहे. यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आपल्याकडे इंग्रजी माध्यमातील पालक सायन किंवा नायर रुग्णालयातून या अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवून दहावीला सवलती घेतात (त्यात गैर काही नाही, तो मुलांचा हक्कच आहे), पण तीच अडचण असलेले झोपडपट्टीतील मूल ‘आळशी’ ठरते. शिक्क्याच्या भीतीने त्याची तपासणीच टाळू नका. ‘डाली’ ही वाचन-अक्षमतेची चाचणी मराठीतही आहे. मात्र मराठी त्याची घरची भाषा नाही, हे तपासणाऱ्यांना आधी सांगा.

पायरी, कुर्ला:
पेन्सिलीचा मुद्दा मला चाचणीइतकाच गंभीर वाटतो. २०१३-१४च्या अमेरिकी आकडेवारीत सरकारी शाळांतील कृष्णवर्णीय विद्यार्थी १५.५ टक्के होते, पण निलंबित झालेल्यांत त्यांचा वाटा ३९ टक्के होता. अपंगत्वाची नोंद असलेल्या मुलाला दहा दिवसांपेक्षा अधिक काळ शाळेबाहेर ठेवायचे, तर ते वर्तन अपंगत्वातून उद्भवले का, हे तेथे आधी तपासावे लागते. आपल्या २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि पुराव्याशिवाय दप्तराची झडती घेणे हा मानसिक छळच होय. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांना मारलेला शिक्का १९५२मध्ये कागदावरून गेला. वर्गातून तो कधी जाणार?

खडूफळा, गोवंडी:
त्याच्या दप्तराची झडती घेतली होती, आणि मी तेथे असून गप्प राहिले, हे प्रश्नात लिहायचे मी टाळले. मुलाची मावशी दोन्ही भाषा बोलते. चाचणीला तिला सोबत नेते.