ट्रान्सपोझेज आपले टोक नेमके कसे ओळखते?

प्रश्न (खानापूर):
मी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या शिवारातल्या मक्याच्या एका कणसात फिकट दाण्यांवर जांभळे ठिपके दिसले. ते 'उड्या मारणाऱ्या जनुकां'चे काम असावे, असे आमचे सर म्हणाले. मात्र एवढ्या लांबलचक डीएनएमध्ये त्या जनुकांना कापून हलवणारे ट्रान्सपोझेज हे विकर (एन्झाइम) कापायची जागा कशी हुडकते, हे मला उमगलेले नाही.

उत्तर (निपाणी):
अशा 'उड्या मारणाऱ्या' म्हणजे फिरत्या डीएनए-तुकड्याच्या दोन्ही टोकांना परस्परांच्या उलट दिशेने लिहिलेले छोटे क्रम असतात; जिवाणूंमधील टीएन५ या फिरत्या तुकड्यात ते १९ बेस-जोड्यांचे (डीएनएच्या अक्षरजोड्यांचे) आहेत. विकराचा एकेक रेणू एकेका टोकाला बिलगतो, दोन्ही रेणू जवळ आल्याने मधल्या डीएनएचा फास होतो आणि मगच कापणी सुरू होते. गंमत अशी, की एका टोकाला धरून बसलेला रेणू समोरचे टोक कापतो, त्यामुळे जोडी जुळल्याशिवाय कात्री चालतच नाही.

प्रश्नकर्ता:
कात्रीचे पाते कोणते?

उत्तर (चिकोडी):
दोन अ‍ॅस्पार्टेट आणि एक ग्लुटामेट. ही अमिनो आम्ले मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवतात व त्यांच्या साहाय्याने पाण्याचा रेणू डीएनएचा कणा तोडतो. टीएन५ जिथे शिरतो त्या नव्या जागी डीएनएचे दोन धागे ९ जोड्यांच्या अंतराने कापले जातात. ती फट पेशी भरून काढते, म्हणून तुकड्याच्या दोन्ही बाजूंना तोच क्रम दिसतो. मक्यातल्या एसी या फिरत्या तुकड्यात हे अंतर ८ जोड्यांचे असते. ठिपका मोठा असेल, तर रंगाच्या जनुकात बसून ते बंद पाडणारा तुकडा दाणा वाढताना लवकर निघाला असे समजावे.